९९ टक्के, पण कशाचे? मशीन व्हिजनच्या ‘फायद्यां’ची तपासणी

माझ्या पहिल्या पेपरच्या मसुद्याची सुरुवात अशी होती: ‘मशीन व्हिजनमुळे उद्योगांमध्ये तपासणीची अचूकता वाढते, खर्च कमी होतो, मानवी चुका टळतात आणि दुकानांना ग्राहकांची नेमकी संख्या कळते.’ गाईड मॅडमनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात एवढंच लिहिलं, ‘हे तुला कोणी सांगितलं?’

खरं उत्तर होतं, कोणीच नाही. मी वाचलेल्या बऱ्याच पेपरांत हेच वाक्य थोड्याफार फरकाने होतं, म्हणून माझ्याही पेपरात आलं. मग एक दिवस बसून त्या वाक्याचे संदर्भ मागे मागे शोधत गेलो. एका पेपरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी कॅमेरे विकणाऱ्या एका कंपनीच्या माहितीपत्रकाशी येऊन थांबलो. संशोधनाचा पाया म्हणून मी जे लिहिलं होतं ती मुळात जाहिरात होती.

तुमच्यापैकी अनेकजण सध्या पेटच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहात. ‘कॉम्प्युटर व्हिजन’ हा विषय निवडणारे तर खूप आहेत. म्हणून आज त्या एका ‘फायद्यांच्या परिच्छेदा’वरच लिहितो. फायदे खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या फायद्यांच्या पुराव्यादाखल आपण जे आकडे देतो, ते कारखान्याने किंवा दुकानाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नसतात.

आधी जे खरं आहे ते

माणसाचा डोळा थकतो, हे अगदी खरं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या रडार ऑपरेटरांच्या अडचणीवरून नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला आणि तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टिकटिक पुढे सरकतो. क्वचित कधीतरी तो दुप्पट उडी मारतो, आणि ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासानंतर लोक जास्त उड्या चुकवू लागले. कारखान्यात आठ तासांची शिफ्ट असते, हे इथे लक्षात घ्या.

दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये वुल्फ, होरोविट्झ आणि केनर यांनी दाखवलं की शोधायची वस्तू दुर्मीळ असेल तर माणसं ती जास्त प्रमाणात चुकवतात. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती तेव्हा चुकवण्याचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. शंभरात एकाच चित्रात होती तेव्हा ते सुमारे ३० टक्क्यांवर गेलं. डोळे तेच, वस्तू तीच. फक्त ती क्वचित दिसते म्हटल्यावर आपण ‘नाही’ म्हणायची घाई करतो.

थोडक्यात, दुर्मीळता माणसाला फसवते. आता ती आपल्या आकड्यांना कशी फसवते ते पाहू.

एकच मॉडेल, दोन जागा

कॅगलवर सबमर्सिबल पंपाच्या इम्पेलरच्या कास्टिंगचा एक फोटोसंच आहे. आपल्याकडे बी.ई.च्या प्रोजेक्टपासून पीएचडीच्या पहिल्या सेमिनारपर्यंत तो सगळीकडे भेटतो, कारण फुकट आहे, छोटा आहे आणि चटकन ‘९९ टक्के’ देतो. त्यात ७,३४८ फोटो आहेत: ४,२११ सदोष आणि ३,१३७ चांगले. चाचणीसाठी वेगळे काढलेले ७१५, त्यात ४५३ सदोष आणि २६२ चांगले.

जरा थांबा. शंभरात ६३ माल खराब निघणारी फाउंड्री तुम्ही कधी पाहिली आहे का? ती महिन्याभरात बंद पडेल. शिकवण्यासाठी खराब नमुने जास्त घेणं यात चूक काहीच नाही. चूक होते ती चाचणीचा आकडा उचलून ‘प्रत्यक्ष उद्योगात उपयुक्त’ असं लिहितो तेव्हा.

समजा, आपलं मॉडेल १०० खराब नगांपैकी ९८ पकडतं आणि १०० चांगल्या नगांपैकी २ चुकून खराब ठरवतं. उत्तम मॉडेल आहे. या ७१५ फोटोंवर ते सुमारे ४४४ खराब नग पकडेल आणि ५ चांगले नग चुकून बाजूला काढेल. बाजूला काढलेल्यांत जवळपास ९९ टक्के खरोखर खराब. पेपर तयार!

आता हेच मॉडेल अशा लाइनवर बसवा जिथे दिवसाला १०,००० नग निघतात आणि त्यातले अर्धा टक्का, म्हणजे ५०, खराब असतात. ५० पैकी ४९ पकडले, १ सुटला. उरलेल्या ९,९५० चांगल्या नगांपैकी २ टक्के, म्हणजे १९९, चुकून बाजूला पडले. रिजेक्शनच्या क्रेटमध्ये आता २४८ नग आहेत, त्यात खरे खराब ४९. ९९ टक्क्यांचे २० टक्के झाले. मॉडेलमध्ये एका अक्षराचाही बदल केलेला नाही. बदललं ते फक्त खराब मालाचं प्रमाण.

आणि ‘ॲक्युरसी’? ती ९८ टक्केच आहे. पण याच लाइनवर एक फळी टांगून तिच्यावर ‘सगळं चांगलं’ असं लिहिलं, तर त्या फळीची ॲक्युरसी ९९.५ टक्के भरेल. म्हणून नुसती ॲक्युरसी पाहिली की मी तरी पेपर बाजूला ठेवून आधी एकच शोधतो: चाचणीत खराब किती होते?

याच संचात आणखी एक खड्डा आहे. त्याच्या वर्णनातच लिहिलंय की या फोटोंवर ऑगमेंटेशन, म्हणजे फिरवणं-उलटवणं वगैरे, आधीच केलेलं आहे. सोबत ऑगमेंटेशन न केलेले १,३०० फोटोही दिले आहेत. ७,३४८ फोटोंची सरमिसळ करून स्वतःचं नवं विभाजन केलं, तर एकाच कास्टिंगचा सरळ फोटो शिकवणीत आणि तिरका फोटो परीक्षेत जाऊ शकतो. हे परीक्षेआधी पेपर फुटण्यासारखंच. काम करायचं तर त्या १,३०० फोटोंपासून सुरू करा: आधी विभागा, मग फिरवा.

चांगला संचसुद्धा काय सांगत नाही

जर्मनीच्या एमव्हीटेक कंपनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आणलेला ‘एमव्हीटेक एडी’ हा संच याहून खूप विचारपूर्वक केलेला आहे. बाटली, स्क्रू, चेन, गालिचा, गोळी असे १५ प्रकार, एकूण ५,३५४ फोटो. शिकवणीच्या ३,६२९ फोटोंत एकही खराब नग नाही. का, तर कारखान्यात चांगला माल ढिगाने मिळतो आणि खराब क्वचित. शिवाय उद्या कोणता नवा दोष येईल ते आज माहीत नसतं. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण ती कारखाना पाहून केलेली आहे.

पण परीक्षेच्या १,७२५ फोटोंत १,२५८ सदोष आणि ४६७ चांगले आहेत. इथे निकाल सहसा एयूआरओसीने मोजतात. सोप्या भाषेत: एक खराब आणि एक चांगला फोटो चिठ्ठी टाकून उचलला, तर मॉडेल खराब फोटोला जास्त संशयाचे गुण देईल याची शक्यता किती? हे माप खराब-चांगल्याच्या प्रमाणावर अवलंबून नाही, म्हणून तुलनेला ते न्याय्य आहे. २०२२ च्या ‘पॅचकोर’ पेपरात ते ९९.६ टक्क्यांपर्यंत पोचलं.

आता लाइनवरच्या माणसाच्या जागी उभे राहा. त्याच्यापुढे दोन नगांची जोडी येत नाही, एकच नग येतो. ‘ठेवू की काढू’ हे सांगायचं तर कुठेतरी रेघ मारावी लागते, तोच थ्रेशोल्ड. एयूआरओसी सगळ्या रेघांची गोळाबेरीज आहे. कारखाना मात्र एकाच रेघेवर चालतो. ती रेघ कुठे मारायची हे गणित नसून हिशेब आहे. सुटलेला एक खराब नग ग्राहकाकडून परत आला तर किती खर्च, आणि चुकून काढलेला एक चांगला नग पुन्हा तपासायला किती वेळ? ब्रेकच्या भागाचा हिशेब वेगळा आणि कपड्याच्या बटणाचा वेगळा.

या संचाच्या कर्त्यांनाही मर्यादा कळत होत्या, असं दिसतं. २०२५ मध्ये त्यांनी दुसरी आवृत्ती आणली, तेव्हा तिच्यात बदललेल्या प्रकाशात काढलेले फोटो मुद्दाम घातले. प्रकाशाचं महत्त्व मला ज्या दिवशी कळलं, तो दिवस मी विसरणार नाही.

नख आणि आडवा प्रकाश

पुण्याजवळच्या एका छोट्या युनिटमध्ये मी माझं मॉडेल घेऊन गेलो होतो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. प्रयोगशाळेत ९९ च्या वर. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत रिजेक्शनचा क्रेट भरून वाहायला लागला. छतावरच्या पारदर्शक पत्र्यांतून ऊन तिरकं आत आलं होतं, आणि मशीनिंगनंतर नगावर राहिलेला कूलंटचा पातळ थर त्यात चमकत होता. मॉडेलला प्रत्येक चमक म्हणजे भेग वाटत होती.

तपासणीच्या टेबलावर एक ताई होत्या, बरीच वर्षं तेच काम करणाऱ्या. त्यांनी क्रेटमधला एक नग उचलला, फडक्याने पुसला, त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि चांगल्या मालात टाकला. मग दुसरा, मग तिसरा. “दादा, नख अडलं तर भेग, नाही अडलं तर डाग,” एवढंच म्हणाल्या. हे मी वाचलेल्या एकाही पेपरात नव्हतं.

पुढे जे झालं ते जास्त बोचणारं आहे. मशीनने काढलेले सगळे नग रोजच्या रिजेक्शनच्या आकड्यात धरले जात होते, आणि तो आकडा लाइनवरच्या ऑपरेटरच्या नावावर लागत होता. माझ्या मॉडेलच्या खोट्या गजरामुळे एका माणसाच्या इन्सेंटिव्हला कात्री लागत होती. आणि ताईंना स्वतःचं काम होतंच, वर माझा क्रेट पुन्हा तपासायचा. माझ्या स्लाइडवर मात्र लिहिलेलं होतं, ‘मानवी चुका टळतात’.

आम्ही दोन बदल केले. प्रकाश वरून न टाकता अगदी आडवा टाकला. खोलगट भेगेची सावली पडते, वरवरच्या डागाची पडत नाही. नखाचं काम काही प्रमाणात त्या आडव्या प्रकाशाने केलं. आणि मशीनने काढलेला नग ‘रिजेक्ट’ न म्हणता ‘संशयित’ म्हणून नोंदवायचा, ताईंनी पाहिल्यानंतरच पक्का करायचा, असं ठरवून घेतलं. दुसरा बदल कोडमध्ये एका ओळीचा होता, पण तो पटवायला दोन आठवडे लागले.

आता मघाच्या हिशेबाकडे परत चला. १०,००० नगांत ५० खराब, म्हणजे दोनशेत एक. मशीननंतरच्या क्रेटमध्ये २४८ पैकी ४९, म्हणजे जवळपास पाचात एक. आणि वुल्फ यांचा प्रयोग काय सांगतो? दोष वारंवार दिसू लागला की माणूस तो कमी चुकवतो. म्हणजे मशीनचा खरा फायदा हा असू शकतो: ते चाळणीचं काम करतं, आणि चाळून उरलेल्यावर माणसाची नजर जास्त तल्लख चालते. हा फायदा मला माहितीपत्रकातल्या ‘मानवी चुका टळतात’पेक्षा मोठा वाटतो. पण तो मिळण्यासाठी क्रेटपाशी माणूस हवा, त्याला वेळ हवा आणि चाळणीच्या चुकीचा भुर्दंड कोणाच्या पगारावर पडता कामा नये.

दुकानाच्या दारातली डोकी

परिच्छेदाचा दुसरा भाग माणसं मोजण्याचा. इथे संदर्भ म्हणून बहुतेक वेळा ‘शांघायटेक’ संच येतो. २०१६ चा हा संच: १,१९८ फोटो, ३,३०,१६५ खुणा केलेली डोकी. ‘अ’ भागात इंटरनेटवरून घेतलेली दाट गर्दी, एका फोटोत सरासरी ५०१ माणसं. ‘ब’ भागात शांघायचे रस्ते. मूळ पेपरातल्या मॉडेलची सरासरी चूक ‘अ’ भागात दर फोटोमागे ११०.२ होती, २०१८ च्या सीएसआरनेटने ती ६८.२ वर आणली. मोठीच प्रगती.

पण साडीच्या दुकानाच्या दारात एका वेळी ५०१ माणसं नसतात. दोन-चार असतात, आणि प्रश्न ‘फोटोत किती’ हा नसून ‘रेघ ओलांडून आत किती गेले’ हा असतो. त्यासाठी माणूस ओळखायचा, पुढच्या फ्रेममध्ये तोच माणूस धरून ठेवायचा आणि तो कोणत्या दिशेने गेला ते पाहायचं. इथल्या अडचणीही वेगळ्या: कडेवरचं मूल, पावसाळ्यातल्या छत्र्या, खांद्याला खांदा लावून शिरलेल्या दोघी, दारात येरझाऱ्या घालणारा वॉचमन, चहावाला पोऱ्या. गर्दीच्या फोटोंवरचा आकडा देऊन दुकानाचा फायदा सिद्ध करणं म्हणजे पोहण्याचं प्रमाणपत्र दाखवून सायकल चालवण्याची नोकरी मागणं.

एक मजेदार हिशेब करा. दिवसभरात ३,००० माणसं आली आणि तेवढीच गेली. येताना २ टक्के मोजायची राहिली: २,९४०. जाताना ३ टक्के राहिली: २,९१०. रात्री शटर खाली, कुलूप लागलं, आणि संगणकाच्या मते आत ३० माणसं! हे टाळायला रोज रात्री आकडा शून्यावर आणायची सोय असते. सोय चांगली, पण ती पुरावाही पुसते. माझा सल्ला: शून्य करण्याआधी तो आकडा लिहून ठेवा. बंद दुकानात खरी संख्या शून्य असते, हे आपल्याला कसलीही खूण न करता माहीत आहे. म्हणजे चुकीचं एक माप रोज फुकट मिळतं. मात्र त्यावर जास्त विसंबू नका. येताना आणि जाताना दोन्हीकडे १०-१० टक्के राहिली तर रात्रीचा आकडा बरोबर शून्य येईल आणि दिवसाचा आकडा साफ चुकलेला असेल. म्हणून मधूनमधून तासभर दारात बसून हाताने मोजायला पर्याय नाही.

बरं, मोजणी तंतोतंत झाली असं धरू. मग? दुकानदार तिने ‘कन्व्हर्जन’ काढतो: बिलं भागिले आलेली माणसं. लग्नाचा बस्ता काढायला बारा माणसं येतात, चार तास बसतात, दिवसातलं सर्वांत मोठं बिल करून जातात. यंत्राच्या हिशेबी बारा आले, एकानेच घेतलं. कन्व्हर्जन साडेआठ टक्क्यांच्या आत. शेजारच्या काउंटरवर रुमाल घेऊन गेलेला एकटा माणूस, कन्व्हर्जन शंभर टक्के. या आकड्यावर कोणी सेल्समनचं इन्सेंटिव्ह ठरवलं तर बस्त्याचं गिऱ्हाईक कोण घेईल? इथे मॉडेलची चूक शून्य आहे. डोकं बरोबर मोजलं. पण दुकानात येतं ते घर, आणि ते मोजायचं राहिलं.

सिनॉप्सिस लिहिताना

वरच्या सगळ्यातून मी स्वतःसाठी चार गोष्टी ठरवल्या आहेत, तुम्हालाही उपयोगी पडाव्यात.

एक: निकालाच्या तक्त्याशेजारी चाचणीतलं खराब मालाचं प्रमाण लिहा, आणि प्रत्यक्ष लाइनवरच्या प्रमाणाला तोच निकाल किती होईल तेही लिहा. त्याला बेरीज-गुणाकारापलीकडे काही लागत नाही.

दोन: ‘एकही खराब नग सुटला नाही’ असं लिहायच्या आधी तिनाचा नियम आठवा. n खराब नगांत एकही सुटला नाही, तर सुटण्याचं खरं प्रमाण ३/n पर्यंत असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३०० नगांवर शून्य चूक म्हणजे शंभरात एकापर्यंत सुटू शकतो. आणि अर्धा टक्का रिजेक्शनच्या लाइनवर ३०० खराब नग जमवायला ६०,००० नग पाहावे लागतात. कामाच्या वेळापत्रकात हे धरा.

तीन: तुलना दुसऱ्या मॉडेलशी तर कराच, पण आज ते काम जसं होतं त्याच्याशीही करा. टेबलावरच्या ताईंशी, दारातल्या साध्या इन्फ्रारेड किरणाशी. तो किरण दोघांना एक मोजतो हे खरं, पण त्याची किंमत आणि त्याची चूक दोन्ही आपल्याला माहीत असतात.

चार: प्रत्येक प्रकारच्या चुकीपुढे लिहा, ती कोणाला भोवते. ग्राहकाला, मालकाला, ऑपरेटरला की पुन्हा तपासणाऱ्याला? हा रकाना मला अजून फार थोड्या पेपरांत दिसला आहे, त्यामुळे संशोधनाला जागा आहे असं समजा.

माझ्या पेपरचं पहिलं वाक्य आता असं आहे: ‘दोनशेत एक दोष असलेल्या लाइनवर मशीन व्हिजन चाळणी म्हणून वापरल्यास पुनर्तपासणीचे नग किती कमी होतात आणि त्यासाठी किती दोष सुटतात, याचा हा अभ्यास आहे.’ आधीच्याइतकं झोकदार नाही. मॅडमनी गोल काढला नाही, फक्त ‘पुनर्तपासणी कोण करतं ते पहिल्या पानावरच सांग’ असं लिहून परत दिलं. ते काम या आठवड्यात करायचं आहे. थ्रेशोल्डची रेघ खर्चावरून कशी ठरवायची, ते पुढच्या लेखात आकडे घेऊन करू. तोवर तुमच्या सिनॉप्सिसमधला फायद्यांचा परिच्छेद काढा आणि त्यातल्या एकाच संदर्भामागे शेवटपर्यंत जाऊन पाहा.